पांढरी सात

कोजागिरीची बैठक नुकतीच संपली होती. गच्चीवर मसाला दुधाचे पेले फिरत होते, मुलं जिन्यात धावत होती आणि मी माझ्या गुरूंची, ताईंची, सतार गवसणीत घालत होते. तेवढ्यात एक गृहस्थ पुढे आले. जाणकार माणूस, गावातल्या प्रत्येक मैफलीला पहिल्या रांगेत असणारा. ताईंना वाकून नमस्कार करत म्हणाले, "काय वाजलाय बागेश्री! हाताचं काही कळलंसुद्धा नाही हो." ताई हसल्या, हात जोडले. मी मात्र गवसणीची चेन लावता लावता थांबले. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं, उलट त्यांच्या परीने त्यांनी सगळ्यात मोठी दाद दिली होती. तरी ते वाक्य मला खुपलं. ज्या गोष्टीसाठी एवढी मिरज पालथी घातली, तार बदलली, सूर बदलला, पट्टी बदलली, ती गोष्ट कुणाच्या लक्षातही येऊ नये, हेच का तिचं यश? घरी जाताना गाडीत मी हे बोलून दाखवलं. ताई खिडकीतून बाहेर चंद्र बघत होत्या. म्हणाल्या, "मला तर बरं वाटलं बाई. तुझं काय दुखलं?"

याचं उत्तर मला तेव्हा देता आलं नाही.

ताईंच्या डाव्या हाताला लागलं ते काचेचा जग धुताना. साबणाच्या हाताने निसटला, ओट्याच्या कडेवर फुटला आणि सावरायला गेलेल्या मनगटात तुकडा शिरला. रक्त थांबलं तेव्हा सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला, पण बोटं हलवून बघायला सांगितल्यावर डॉक्टरांचा चेहरा बदलला. मनगटाच्या मधोमध जाणारी मीडियन नर्व्ह तुटली होती. अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू, एवढ्या भागाची जाणीव या एका दोरीवर असते, आणि अंगठ्याला बाकीच्या बोटांसमोर आणून उभं करणारे स्नायूही तिच्यावरच. आता सतार वाजवणाऱ्याचा डावा हात आठवून बघा. तर्जनी आणि मधलं बोट तारेवर, अंगठा दांडीच्या मागे. करंगळी गेली असती तर वादकाचं फारसं अडलं नसतं. इथे नेमकी हवी ती बोटं गेली. गंमत अशी की बोटं मिटण्याची ताकद शाबूत होती, कारण ते स्नायू कोपराजवळ हातात असतात आणि त्यांच्या फांद्या मनगटाच्या बऱ्याच वर सुटतात. म्हणजे तार ओढायला जोर होता, पण ओढतोय काय हे बोटाला कळत नव्हतं.

मायक्रोस्कोपखाली नर्व्ह शिवली. त्यानंतरचं काम फक्त वाट बघायचं. नर्व्ह दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढते, म्हणजे महिन्याला एखादा इंच. मनगटापासून तर्जनीच्या टोकापर्यंत पोचायला सहा महिने सहज लागतात. डॉक्टरांनी ताईंना एक खेळ शिकवला होता: उजव्या हाताच्या बोटाने जखमेपासून पुढे हलकेच ठोकत जायचं. जिथे झिणझिण्या उठतात तिथवर नवी नर्व्ह आलेली असते. आधी तळव्याच्या सुरुवातीला, मग तळव्याच्या मध्यावर, मग बोटाच्या मुळाशी. मी शिकायला गेले की ताई स्वतःच्या तळव्यावर टकटक करत बसलेल्या असायच्या आणि "आली ग, इथवर आली" म्हणून पेनाने खूण करायच्या. तळव्यावर निळ्या ठिपक्यांची रांगच झाली होती.

पण पोचलेली नर्व्ह आपल्या जुन्याच घरी जाते असं नाही. तुटलेल्या टोकातून निघालेले हजारो तंतू समोर सापडेल त्या वाटेने घुसतात. ताईंच्या तर्जनीला हात लावला की त्या मधलं बोट दाखवायच्या. मधल्या बोटाच्या टोकाला टाचणी टोचली की अंगठ्याच्या कडेला कळायचं. मेंदूला ही नवी मांडणी पुन्हा शिकवावी लागते. त्यासाठी थेरपिस्टबाईंनी वाट्या मांडायला सांगितल्या: एकीत ज्वारी, एकीत तांदूळ, एकीत मूग, एकीत रवा. डोळे मिटून बोट घालायचं आणि ओळखायचं. चुकलं की डोळे उघडून बघायचं, बघत बघत बोट फिरवायचं, पुन्हा मिटायचं. यमन आणि शुद्ध कल्याण कानांनी सहज वेगळे काढणारी बाई दुपारभर मूग की ज्वारी एवढंच ओळखत बसायची आणि चुकली की चक्क चिडायची. "बोटावर कुणी मेण ओतल्यासारखं वाटतं ग," म्हणायच्या. एकदा पोळ्या करताना तव्याच्या कडेला तर्जनी टेकली आणि वास आल्यावर कळलं.

सतारीवर त्या पहिल्यांदा बसल्या तेव्हा मी समोर होते. सतार वाजवणाऱ्याच्या बोटांवर काळपट खाच असते, तारेने वर्षानुवर्षं पाडलेली, तेलाने आणि पोलादाने रंगलेली. ताईंची खाच एवढ्या महिन्यांत सोलवटून गेली होती, बोटं बाळाच्या बोटांसारखी गुलाबी. त्यांनी डबीतला तेलाचा बोळा बोटांना लावला आणि नुसते सरळ स्वर घ्यायला सुरुवात केली. सा रे ग म, एकेका पडद्यावर. मान सारखी पुढे वाकत होती, कारण बोट पडद्याच्या कुठे पडलंय हे आता डोळ्यांनी बघावं लागत होतं. पाच-दहा मिनिटं झाली असतील. मग त्यांनी गंधारावर तार ओढून मध्यम घेतला, पुन्हा घेतला, पुन्हा. सूर थोडा खाली होता, त्या हट्टाने ओढत राहिल्या. मला पडद्यावर काहीतरी चमकताना दिसलं. पितळेच्या त्या बाकदार पट्टीवर बारीक लाल रेघ होती. तर्जनीचं टोक तारेने चिरलं होतं आणि ताईंना पत्ता नव्हता. मी "ताई, रक्त" म्हटल्यावर त्यांनी आधी दुसऱ्या बोटाकडे पाहिलं.

मला त्या रात्री पॉल ब्रँड आठवले. १९४६ साली वेल्लोरला आलेले हे सर्जन कुष्ठरोग्यांचे आकडलेले हात स्नायूबंध फिरवून पुन्हा कामाला लावायचे. बोटं रोगाने झडतात हा समज त्यांनी खोडून काढला. नर्व्ह मेल्यामुळे दुखत नाही, दुखत नाही म्हणून माणूस तापलेलं भांडं धरून ठेवतो, तीच जखम पुन्हा पुन्हा करून घेतो आणि त्यात बोटं झिजतात. वेदना ही हाताची राखण असते, हे ते आयुष्यभर सांगत राहिले. मिरजेतही रिचर्डसन कुष्ठरुग्णालय आहे. मिशनच्या दवाखान्यामुळे हे गाव शंभराहून जास्त वर्षं डॉक्टरांचं गाव म्हणून ओळखलं जातं. कर्नाटकातून, कोकणातून माणसं इथे हात-पाय दाखवायला येतात. आणि त्याच स्टेशनवर दुसरी माणसं उतरतात, हातात गवसण्या घेऊन, सतारीची जवारी काढून, म्हणजे घोडी घासून आवाज लावून घ्यायला. ताईंना दोन्ही कामं होती.

सतारमेकरांच्या गल्लीत शिरलं की आधी वास येतो. लाखेच्या पॉलिशचा, तुणीच्या लाकडाच्या भुशाचा, सरसाचा. दुकानांच्या माळ्यांवर पंढरपूर-मंगळवेढ्याकडून आलेले वाळके भोपळे टांगलेले असतात, डोकं सांभाळून आत जावं लागतं. या गल्लीतल्या घराण्यांचे पूर्वज शिकलगार, तलवारींना धार लावणारे. एकोणिसाव्या शतकात तलवारींची गिऱ्हाइकं आटली तेव्हा त्यांनी बिघडलेली वाद्यं दुरुस्त करायला घेतली आणि मग नवी घडवायला लागले. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा कागद आता काही दुकानांत काचेच्या चौकटीत दिसतो. आमचे सतार बनवणारे चाचा त्या कागदाबद्दल विशेष बोलत नाहीत. "कागद आला, पोरं पुण्याला गेली," एवढंच.

मला वाटलं होतं चाचा हळहळतील. त्यांनी ताईंचा हात पुढे ओढून घेतला, उलटा केला, अंगठ्याखालचा बसलेला उंचवटा दाबून पाहिला आणि विचारलं, "बाई, तुमची उंची किती? पूर्वी मांडीवर भोपळा कुठं येत होता?" प्रत्येक गिऱ्हाइकाला ते हेच विचारतात. नवशिक्या पोराच्या बोटांची लांबी बघून ते दांडी देतात, जाड बोटांच्या माणसाला पडद्यांत अंतर मोकळं ठेवतात. सतारीचे पडदे दांडीत ठोकलेले नसतात, दोऱ्याने बांधलेले असतात. रागाप्रमाणे सरकवता येतात, तुटला तर घरी बांधता येतो. गिटारवाल्याने हे पाहिलं तर त्याला हे वाद्य अर्धवट सोडलेलं वाटेल. चाचांच्या दृष्टीने ताईंचा हात ही एक मापाची गोष्ट होती. ताई त्या दिवशी परतताना खूप दिवसांनी खुशीत होत्या, आणि त्याचं श्रेय मी त्या कोरड्या प्रश्नांना देते. बाकी सगळीकडे त्यांना "अरेरे" ऐकावं लागत होतं.

पहिलं काम सोपं होतं. वरचा तुंबा, म्हणजे दांडीच्या टोकाजवळचा छोटा भोपळा, काढला. तो नुसता पेचाने बसवलेला असतो. काढला की दांडीचं वरचं वजन जातं आणि डाव्या हाताला सतार सावरायची गरज उरत नाही. खालच्या भोपळ्याखाली रबराची जाळीदार चटई आली, म्हणजे तो घसरायचा नाही. तुंबा आता ताईंच्या कपाटावर आहे आणि त्यात, का कोण जाणे, दिवाळीच्या पणत्या ठेवलेल्या आहेत.

खरा वाद तारेवरून झाला. मी कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवते, त्यामुळे मला राहवलं नाही. दुकानातल्या पावतीच्या मागे मी गणित मांडलं. तारेचा ताण तिच्या व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. बाजाची, म्हणजे मुख्य वाजवायची तार ०.३० मिलिमीटरची आहे, ती ०.२८ ची केली तर त्याच सुरात ताण साधारण १३ टक्क्यांनी उतरतो. मी मोठ्या उत्साहाने ते चाचांना दाखवलं. त्यांनी चष्मा वर करून पाहिलं आणि म्हणाले, "बारीक तार जास्त कापते, मॅडम. दुखत असतं त्याला बारीक तार चालंल. ह्यांना दुखतच नाही." मुद्दा बिनतोड होता. सुन्न बोटाला जाडसर तारच बरी. मग उरला दुसरा मार्ग: तार तीच, सूर खाली. ताई आयुष्यभर काळी एकमध्ये, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या सुरात, वाजवत आल्या. ती खालच्या सप्तकातल्या पांढरी सातवर उतरवायची, अख्खा एक स्वर खाली. ताण वारंवारतेच्या वर्गाप्रमाणे बदलतो, म्हणजे इथे २१ टक्क्यांची सूट. चाचांनी गणित न करता खुंटी सैल केली, तार अंगठ्याने दाबली, "एवढं बास" म्हणाले. लावून पाहिलं तर पांढरी सातच होती. मग अर्थात सगळंच आलं. जोडीच्या तारा उतरवा, तरफा, म्हणजे पडद्यांखालच्या गुंजणाऱ्या तारा, उतरवा. सैल तारेखाली जुनी जवारी बोलेना म्हणून घोडी काढून पुन्हा कानशीवर घ्या. तो हस्तिदंतासारखा दिसणारा तुकडा चाचा घासायचे, बसवायचे, तार छेडायचे, मान हलवायचे, पुन्हा काढायचे. दुपारची अजान झाली तेव्हा ते नमाजाला उठले आणि आम्ही समोर मिसळ खाऊन आलो. संध्याकाळी सतार बोलली ती वेगळ्याच आवाजात, थोडी घोगरी, पिकलेली. ताईंनी ऐकून तोंड वाकडं केलं. मला आवडली होती, पण मी गप्प बसले.

अंगठ्याची गोष्ट याहून नाजूक निघाली. अंगठा तळव्याच्या बाजूला सपाट पडून राहायचा, दांडीच्या मागे येऊन टेकायचाच नाही. माझ्या डोक्यात आलं की दांडीला मागे एखादी छोटी पट्टी बसवावी, अंगठा तिच्यावर ठेवता येईल. पण सतारीत हात एका जागी बसत नाही, खर्जापासून तारसप्तकापर्यंत दांडीभर फिरतो आणि अंगठा त्याच्याबरोबर सरकतो. पट्टी हवी तर ती अंगठ्यालाच. ते काम थेरपिस्टबाईंनी केलं: गरम पाण्यात मऊ होणाऱ्या प्लास्टिकच्या पत्र्याचा तुकडा हातावर बसवून अंगठ्याला बोटांसमोर उभं धरणारी एक आखूड पट्टी घडवली. पहिल्याच दिवशी तिने दांडीच्या पॉलिशवर ओरखडे काढले आणि चाचा हादरले. "हात नंतर बघू, आधी हे काढा!" शेवटी त्यांनी स्वतःच तबल्याच्या वादीतून उरलेल्या कातड्याचा एक तुकडा तासून तासून कागदासारखा पातळ केला आणि पट्टीच्या आतल्या बाजूला चिकटवून दिला. थेरपिस्टबाईंना तो इतका आवडला की त्यांनी फोनवरून कातडं कुठलं, गोंद कुठला, सगळं विचारून घेतलं. एका गावात राहून या दोन धंद्यांची ओळख आजवर झाली नव्हती.

याच काळात मी रात्री उगाच जुन्या वादकांच्या गोष्टी शोधत बसायचे. जँगो राइनहार्ट अठरा वर्षांचा असताना, १९२८ साली, त्याच्या तांड्यातल्या गाडीला आग लागली आणि डाव्या हाताची दोन बोटं आखडून गेली. उरलेल्या दोन बोटांवर त्याने गिटारचं एक नवंच घराणं उभं केलं. रुडॉल्फ कोलिशच्या डाव्या हाताचं मधलं बोट लहानपणीच दुखावलं, तर त्याने व्हायोलिन उजवीकडे धरायला सुरुवात केली आणि गज डाव्या हातात घेतला. लेस पॉलचा उजवा हात १९४८ च्या अपघातात कोपरापाशी चुरडला. हा कोपर आता कायमचा वाकणारच आहे तर गिटार धरता येईल अशा कोनात बसवा, असं त्याने डॉक्टरांना सांगितलं. त्यातल्या टोनी आयोमीची गोष्ट मी ताईंना मुद्दाम सांगितली. बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात १९६५ साली, नोकरीच्या शेवटच्या दिवशी, त्याच्या दोन बोटांची टोकं यंत्रात गेली. त्याने प्लास्टिकची बाटली वितळवून टोपणं केली, वर जुन्या जॅकेटचं कातडं लावलं, बँजोच्या हलक्या तारा चढवल्या, आणि १९७१ पर्यंत गिटार दीड स्वर खाली उतरवून वाजवायला लागला. ताईंनी विचारलं, "खाली म्हणजे कुठे?" मी म्हटलं, "सी शार्प. काळी एक." ताई खो खो हसल्या. "म्हणजे मी जिथून पळाले तिथे तो आरामाला येऊन बसला!"

टोपणंही करून बघितली. बँकेतली माणसं नोटा मोजताना घालतात तसलं रबरी टोपण तारेला चिकटून बसायचं, सरकायचंच नाही. कातड्याचं सरकायचं, पण स्वराची आस खाऊन टाकायचं. छेडलं की ठक्क, आणि संपलं. मी एकदा भीतभीत विचित्रवीणेचं नाव काढलं. तिथे बोटाने तार दाबायचीच नसते, काचेचा गोळा तारेवरून फिरवायचा. मोहनवीणेतही सळईच फिरते. बोटाला कळण्या न कळण्याचा प्रश्नच उरत नाही. ताईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तुला गणित शिकवता येईना म्हणून कुणी भूगोल दिला तर घेशील?" तो विषय तिथेच मिटला.

आता बागेश्रीकडे येते, कारण त्या गृहस्थांना जे कळलं नाही ते तिथे होतं. मींड, म्हणजे तार ओढून एका स्वरातून दुसऱ्यात जाणं, दोन प्रकारे घेतात. सरळ मींडेत पडद्यावर स्वर छेडायचा आणि तार ओढत वर जायचं. कान ऐकत असतो, कमी-जास्त झालं तर वाटेतच सावरता येतं. उलट्या मींडेत आधी तार मुक्याने ओढून ठेवायची, मग छेडायची आणि सोडत खाली यायचं. छेडण्याच्या आधी ती बरोबर मध्यमावर आहे हे कान सांगू शकत नाही, फक्त बोट सांगतं, तारेच्या विरोधावरून. हे बोट ताईंचं गेलं होतं. त्यात सूर खाली उतरवल्याने आणखी गोंधळ: सैल लावलेल्या तारेला तेवढ्याच ओढीत जास्त वर जायची खोड असते, त्यामुळे पंचवीस-तीस वर्षांचा अंदाजही निकामी झाला. जुन्या सवयीने ओढलं की मध्यम चढा लागायचा. पहिले काही महिने ताईंनी उलटी मींड टाळलीच. बागेश्रीतून मध्यमावरून कोमल गंधारावर उतरणारी ती रेघ काढून टाकली तर काय राहतं? त्यांनी घसीट वापरून पाहिली, एका पडद्यावरून दुसऱ्यावर घासत जाऊन. कृंतनाने, म्हणजे डाव्या बोटानेच तार खुडून, काही जागा भरल्या. आणि हळूहळू एक तिसरीच गोष्ट जमवली. गंधार अगदी हलका छेडायचा, ऐकत ऐकत मध्यमापर्यंत चढायचं, तिथे कणभर थांबायचं, आणि मग दुसऱ्या ठोक्यात उतरायचं. म्हणजे उतरण्याआधी एक पुसट चढण. जणू आधी खात्री करून घेतात आणि मग सोडतात. कोजागिरीला त्या हे इतक्या वेळा आणि इतक्या सहज करत होत्या की तो रागाचाच स्वभाव वाटत होता. पांढरी सातच्या त्या घोगऱ्या सुरात तर फारच.

म्हणून मला ते वाक्य खुपलं असावं. हात सगळीकडे ऐकू येत होता. त्या बैठकीत मी जे ऐकलं ते पूर्वीच्या ताईंना वाजवता आलं नसतं, कारण त्यांना त्याची गरजच नव्हती. हे मी त्यांना सांगितलं तेव्हा त्या माझ्याकडे जरा रागानेच बघत राहिल्या. "तुला छान वाटतं, कारण तुला पूर्वीचं जमत नव्हतंच," म्हणाल्या, "मला जमत होतं. ते मला हवंय. कुणाला हाताचं कळलं नाही म्हणजे तेवढ्यापुरतं मला ते मिळालं." यावर वाद घालायचा मला अधिकार नाही. बाहेरून बघणाऱ्याला नुकसानीतलं सौंदर्य फार लवकर दिसतं. ज्याचं गेलं त्याला हिशेब आधी दिसतो. तरीही मला माझं ऐकणं खोटं वाटत नाही, आणि दोन्ही एकाच वेळी खरं असण्याची सवय मी अजून करून घेते आहे.

यात भर घातली ताईंच्या एका लहान शिष्येने. सातवीतली मुलगी, हात धडधाकट, कान तिखट. अपघातानंतरच शिकायला आलेली, त्यामुळे तिने ताईंचा हा एकच हात पाहिलेला. गेल्या महिन्यात तिने बागेश्रीचा आलाप घेतला आणि मध्यमावरून उतरताना हुबेहूब ती पुसट चढण घेतली. मी मान डोलावणार तेवढ्यात ताई कडाडल्या, "हे काय? आधी ओढ, मग छेड!" मुलगी बावरली. "पण ताई, तुम्ही असंच..." ताई म्हणाल्या, "ती माझी अडचण आहे. तुझी नाही. अडचण काय शिकायची असते?" जँगोच्या दोन बोटांच्या ताना चार बोटांची माणसं आजही दोनच बोटांनी गिरवत बसतात, हे मी मध्येच सांगितलं. त्यावर मला चहा टाकायला स्वयंपाकघरात पाठवण्यात आलं. आतून ऐकत होते. ताईंना उलटी मींड स्वतः करून दाखवता येत नव्हती, तेव्हा त्यांनी ती गाऊन दाखवली, मग मुलीच्या बोटावर आपलं बोट ठेवून तार ओढली. "कळतंय का? इथे तार उलटी ढकलते तुला. तो जोर लक्षात ठेव." आपल्याला न कळणारी गोष्ट दुसऱ्याच्या बोटातून शिकवणं, हे कसं जमतं मला सांगता येणार नाही. मुलीला मात्र तिसऱ्या-चौथ्या खेपेला जमलं. आणि मग ताई दुसरीकडे बघतात असं पाहून तिने जुनी, ताईंची, चढणवाली मींडही हळूच एकदा घेतली.

सध्याची भानगड पट्टीची आहे. मुलीची सतार काळी एकमध्ये, ताईंची पांढरी सातमध्ये. बरोबर वाजवता येत नाही. मुलीची उतरवायला चाचा तयार नाहीत. "वाढत्या हाताला सैल तार लावू नका, आळशी होतो." ताईंच्या मनात आता आपलीच अर्धा स्वर वर न्यायची आहे, पांढरी एकपर्यंत, म्हणजे मुलीला फक्त अर्धा स्वर खाली यावं लागेल. त्यांच्या तर्जनीला आता थोडं कळतं, मूग आणि ज्वारीत चूक होत नाही, खाचही पुन्हा काळी पडू लागली आहे. मी पुन्हा पावती उलटी केली. ०.२८ ची तार आणि पांढरी एक, तर ताण मूळच्यापेक्षा २२ टक्क्यांनी कमी. म्हणजे आज आहे त्यापेक्षा हाताला जड पडणार नाही. चाचांना फोन केला. "कागदावर तर जमतंय," मी म्हटलं. पलीकडून कानशीचा आवाज येत होता. "आणि कापलं तर?" मी फोन ताईंकडे दिला. ताई म्हणाल्या, "कापलं तर आता मला दुखेल, चाचा." थोडा वेळ कानस थांबली. मग त्यांनी गुरुवारी दुकान बंद असतं, शुक्रवारी नमाजानंतर या, आणि येताना ती अंगठ्याची पट्टी आणा, तिचं कातडं उसवलं असेल, असं सांगितलं. उसवलंच होतं.